सोप्यावरून सोफ्यावर

'सोफा' हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला, पण तो मूळचा अरबी. 'सुफ्फा' म्हणजे बसायचा ओटा. आपल्या वाड्यांतल्या 'सोप्या'चे मूळही याच शब्दाशी जोडले जाते. म्हणजे वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेला पुणेकर सोप्यावरून उठला आणि सोफ्यावर बसला, एवढेच झाले म्हणायचे!

पण तेवढेच झाले नाही. पेशवाईतल्या वाड्यात फर्निचर असे फारसे नव्हतेच. कारागिरी होती ती घरात. १८०७ च्या विश्रामबागवाड्यातले सुरूदार सागवानी खांब पाहा. बसायला मात्र जमिनीवर गादी, पाठीशी लोड आणि हाताशी तक्क्या. हॉल कमीत कमी सामानाचा हवा, असे आज आपल्याला सांगतात. तो आपल्याकडे होताच की! मात्र ही बैठक सर्वांची नव्हती. लोडाला कोणी टेकायचे, दारापाशी कोणी बसायचे, हे ठरलेले. काहींनी अंगणातच थांबायचे. घरातल्या बायका तर माजघरात.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. गोखलेनगर, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. तिथल्या लहान खोल्यांत स्वतंत्र दिवाणखाना कुठला? दिवसा बसायला आणि रात्री झोपायला एकच खोली.

त्याच दशकात सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, एसकेएफ या स्वीडनच्या कंपन्यांचे कारखाने दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात चालू झाले. पण स्वीडन पुण्यात आले ते यंत्रे आणि बेअरिंगे घेऊन. त्यांच्या सोफ्याची गाठ पडायला पुढे बरीच वर्षे जायची होती.

तो सोफा घडत होता शेजारच्या डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनच्या कला अकादमीत १९२४ पासून कारे क्लिंट फर्निचर शिकवू लागले. नक्षी बाजूला ठेवा, आधी माणसाचे अंग मोजा, असा त्यांचा खाक्या. बोर्गे मोगेन्सेन हे त्यांचे शिष्य. त्यांनी १९४५ मध्ये लाकडी गजांच्या पाठीचा, सुट्या गाद्यांचा एक सोफा आखला. त्याची एक बाजू चामड्याच्या पट्ट्यांनी खाली सोडता येते, म्हणजे पाय पसरून लवंडता येते. आपल्या लोडाचीच सोय! तेव्हा लोकांना तो विचित्र वाटला. कारखान्यात बनू लागला १९६३ मध्ये. शिवाय युद्धानंतरचे ते प्रसिद्ध डॅनिश फर्निचर बव्हंशी सागाचे. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही, तो आशियातून जाई.

२०१८ मध्ये स्वीडनच्या आयकियाने हैदराबादला, २०२० मध्ये नवी मुंबईला दुकान उघडले आणि ही घडण पुण्याच्या हॉलमध्ये सर्रास दिसू लागली. बारीक पाय, करडे कापड, नक्षी नाही. खालून केरसुणी फिरते, हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. काही मात्र इतके बुटके, की आजीला उठवायला दोघे लागतात. इथे क्लिंटसाहेबांची मोजपट्टी कुठे हरवली कोण जाणे!

आणि एक गोष्ट. तीन जणांच्या सोफ्याला मानाची जागा नसते. पाहुण्यांना चहा देऊन सूनबाई त्यांच्याच शेजारी बसते, आपलाही कप घेऊन. वाड्याच्या बैठकीत तिच्या पणजीला हे जमले नसते. आता पाडलेल्या वाड्यांचे सागवान घेऊन त्याचे असे सोफे करून देणारे सुतारही पुण्यात आहेत. लाकूड जुने, कडक. रंधा मारायला जास्त वेळ लागतो.