टायरांची भुकटी आणि खेळाचें मैदान

निर्माण करण्यापेक्षां नाहींसें करणें कठीण अशा वस्तूंची गणना करूं लागल्यास मोटारीच्या टायरास त्यांत वरचें स्थान द्यावें लागेल. १८३९ सालीं चार्लस गुडइअर यानें रबर व गंधक एकत्र तापवून उन्हानें न पघळणारें व थंडीनें न तडकणारें रबर सिद्ध केलें. आणि ज्या टिकाऊपणाचें जगानें कौतुक केलें तोच गुण टायर झिजल्यावर दोष ठरला. तें रबर कुजत नाहीं, मातींत मिसळत नाहीं, आणि एकदां पेटलें म्हणजे लवकर विझत नाहीं. कॅनडांतील हेगर्सव्हिल येथें फेब्रुवारी १९९० मध्यें टायरांच्या ढिगास लागलेली आग १७ दिवस जळत होती व तींत एक कोटीहून अधिक टायर भस्म झाले. युरोपीय संघानें १९९९ च्या आदेशान्वयें कचऱ्याच्या भरावांत अखंड टायर टाकण्यास २००३ पासून, व त्यांचे तुकडे टाकण्यासहि २००६ पासून, मनाई केली. मग त्यांचें करावयाचें काय? हा प्रश्न सरकारांपुढें उभा असतांनाच फुटबॉलच्या मैदानानें त्याचें एक उत्तर पुढें केलें, ही गोष्ट प्रस्तुत विषयाचा विचार करतांना आम्हांस विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी वाटते.

कृत्रिम गवताचा बोलबाला मात्र निराळ्याच अडचणींतून झाला. १९६५ सालीं टेक्ससमधील ह्यूस्टन शहरीं छप्पर असलेलें एक प्रचंड क्रीडागृह उघडलें. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगमगाटामुळें खेळाडूंस उंच गेलेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांस रंग फासला, तों खालचें गवत मेलें. अखेर १९६६ सालीं तेथें प्लॅस्टिकचें गवत अंथरावें लागलें. इंग्लंडांत क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबानें १९८१ सालीं तें फुटबॉलकरितां घेतलें. परंतु त्यावर चेंडू अवाजवी उसळे, पडणाऱ्याची कातडी सोलून निघे, आणि १९९४ सालीं प्रेस्टन येथील मैदान उखडल्यावर इंग्लिश लीगमधून हा प्रकार तूर्त नाहींसा झाला. पुढें जी नवी पिढी निघाली तिनें पातीं लांब केलीं व त्यांच्या मधल्या जागेंत वाळू आणि टायर दळून केलेले काळे दाणे भरले. चेंडू बेतानें उसळूं लागला, पडणाऱ्यास गादी मिळाली, आणि २००४ सालीं फुटबॉलच्या नियमांनींहि अशा मैदानास मान्यता दिली. एका पूर्ण मैदानास सुमारें शंभर टन भुकटी, म्हणजे अदमासें वीस हजार टायर लागतात. व्यापाऱ्यास गिऱ्हाईक मिळालें, नगरपालिकांस पावसांतहि चिखल न होणारें मैदान मिळालें, आणि कचऱ्याचा प्रश्नहि सुटल्यासारखा झाला. ज्या व्यवहारांत सर्वांचाच लाभ दिसतो त्याची झडती सहसा कोणी घेत नाहीं.

तथापि शंका निघाली, आणि ती पोरकट नव्हती. धुराड्यांत चढून काजळी झाडणाऱ्यांस पुढें वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हें लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालींच लिहून ठेविलें होतें. १९१५ च्या सुमारास जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांस वारंवार डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. आणि १९३३ सालीं लंडनच्या संशोधकांनीं डांबरांतून बेन्झोपायरीन हें कर्करोगजनक द्रव्य वेगळें काढलें. याच कुळांतलीं द्रव्यें टायराच्या रबरांत मिसळलेल्या काजळींत व तेलांत असतात. तेलांतील त्यांचें प्रमाण युरोपांत २०१० पासून कायद्यानें कमी करण्यांत आलें. पण त्यापूर्वींच्या टायरांची भुकटी मैदानांवर आधींच पसरली होती.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत एमी ग्रिफिन या फुटबॉल-शिक्षिकेस कांहीं गोलरक्षक मुली कर्करोगानें आजारी असल्याचें आढळलें. गोलरक्षक सारखा जमिनीवर झेप घेतो. दाणे त्याच्या तोंडांत, केसांत, खरचटलेल्या कोपरांत जातात. बाईंनीं रोगी खेळाडूंची यादी ठेवण्यास आरंभ केला व २०१४ सालीं ती गोष्ट देशभर झाली. राज्याच्या आरोग्यखात्यानें तिची उपेक्षा केली नाहीं. यादींत तेव्हां ५३ नांवें होतीं. फुटबॉल खेळणाऱ्या त्या वयाच्या मुलांपैकीं किती जणांस एरवींहि हा रोग व्हावयाचा, याचा हिशेब मांडून खात्यानें जानेवारी २०१७ मध्यें कळविलें कीं, यादींतील संख्या अपेक्षेहून अधिक नाहीं. रोगी किती हें मोजणें एक आणि कितींपैकीं हें मोजणें दुसरें. भीति पहिल्या संख्येवर जगते, शास्त्र दुसरी मागतें. हॉलंडांतहि ऑक्टोबर २०१६ मध्यें दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानें खळबळ उडविली. परंतु डिसेंबरांत तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें शंभर मैदानांवरील दाणे तपासून खेळण्यापासूनचा धोका नगण्य ठरविला. अपायकारक द्रव्यें दाण्यांत असतात, पण तीं रबरांत घट्ट बसलेलीं असल्यामुळें फारच थोडीं बाहेर सुटतात, असा त्या निर्णयाचा आशय होता.

मग सर्व ओरड व्यर्थ होती काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. याच चौकशींत कायद्यांतील एक ढिलाई उघड्यावर आली. मुलांच्या हातीं येणाऱ्या रबरी वस्तूंत या कुळांतील प्रत्येक द्रव्याचें प्रमाण किलोमागें एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनहि कमी असलें पाहिजे असा युरोपाचा नियम. पण मैदानावरील दाणे कायद्याच्या भाषेंत ‘वस्तु’ नसून ‘मिश्रण’ ठरल्यामुळें त्यांस किलोमागें शंभर, व कांहीं द्रव्यांच्या बाबतींत हजार मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती! प्रत्यक्षांतील दाणे या मर्यादेच्या पुष्कळच आंत होते. परंतु तें विक्रेत्यांच्या सुदैवानें होतें, कायद्याच्या दक्षतेनें नव्हे. २०२१ सालीं नियम बदलला, व ऑगस्ट २०२२ पासून अशा आठ द्रव्यांची मिळून मर्यादा किलोमागें २० मिलिग्रॅम झाली.

याहूनहि विलक्षण प्रकार पुढेंच आहे. समुद्रांतून अंडीं घालण्याकरितां ओढ्यांत चढणारे कोहो सॅमन मासे पाऊस पडतांच तडफडून कां मरतात, हें कोडें त्याच वॉशिंग्टन राज्यांतील संशोधकांनीं २०२० सालीं उलगडलें. ओझोनापासून रबराचें रक्षण व्हावें म्हणून टायरांत ६-पीपीडी नांवाचें द्रव्य घालतात. ओझोनाशीं संयोग होऊन त्याचें जें रूपांतर होतें तेंच या माशांचें विष. तें ओढ्यांत येतें मुख्यत्वें रस्त्यांवर झिजणाऱ्या चाकांपासून. पण मैदानावरील भुकटीहि त्याच रबराची. बुटांना चिकटून व पावसानें वाहून अशा मैदानांवरून दरसाल १६,००० टनांपर्यंत कण बाहेर पडत असावे, असा युरोपीय रसायनसंस्थेचा अंदाज आहे. सप्टेंबर २०२३ मधील नियमानें युरोपीय संघांत ऑक्टोबर २०३१ पासून या दाण्यांची विक्री बंद व्हावयाची आहे, आणि त्याचें कारण कर्करोग नसून हे इतस्ततः पसरणारे, न कुजणारे कण होय. भीति एका दारीं उभी होती. अपाय दुसऱ्याच दारानें बाहेर पडत होता.

आपल्या मुंबई-पुण्यासहि ही कथा परकी राहिलेली नाहीं. तासाच्या भाड्यानें मिळणारीं ‘टर्फ’ मैदानें आतां गल्लोगल्लीं दिसतात, आणि मोकळ्या जागेचा दुष्काळ असलेल्या शहरांत तीं मुलांस खेळावयास मिळतात हा लाभ क्षुल्लक नव्हे. आईबापांनीं भयभीत होऊन मुलांस घरांत कोंडावें, असा आमचा मुळींच अभिप्राय नाहीं. पण भुकटी कोठली, तिची तपासणी झाली आहे काय, आणि पावसाळ्यांत ती वाहून कोणत्या नाल्यांत जाते, हे तीन प्रश्न मैदान बांधण्यापूर्वीं विचारले गेले पाहिजेत, व त्यांचें उत्तर देण्याचा भार विकणाऱ्यावर असला पाहिजे. वरील इतिहासांत तो प्रथम उचलला एका शिक्षिकेनें, आपल्या विद्यार्थिनींचीं नांवें कागदावर मांडून. तिच्या शंकेस आंकड्यांनीं पुष्टि दिली नाहीं; पण ती मांडण्याची पाळी तिच्यावर यावी, यांतच त्या व्यवस्थेचा दोष पुरता दिसून येतो.