पुण्यातील क्लचदुरुस्ती : वायरीपासून तेलापर्यंत

पुण्याच्या मोटार उद्योगाचा इतिहास लिहिताना कारखान्यांची नावे ठळकपणे येतात आणि त्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांच्या पोटाखाली ज्यांनी आयुष्य काढले ते मिस्त्री मात्र तळटिपेतही सापडत नाहीत. गाडीतील एखादा भाग बदलला म्हणजे गॅरेजमधील निदानाची रीत, हत्यारे आणि मजुरीचा हिशेब कसा बदलतो, हे पाहायचे असेल तर द्रवाच्या दाबावर चालणारा, म्हणजेच हायड्रॉलिक, क्लच आणि त्यातून होणारी तेलगळती यांचा मागोवा घेणे उपयुक्त ठरते.

या कसबाची पार्श्वभूमी जुनी आहे. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसदुरुस्तीचे मोठे काम उभे राहिले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. टेल्कोच्या पुण्यातील कारखान्यातून 1977 मध्ये पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले. सुट्या भागांचा बाजार नाना पेठेत स्थिरावला, आणि नवा भाग परवडत नसेल तर बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार होताच. मात्र शहरातील बहुसंख्य हातांना क्लच समजला तो स्कूटरवर. इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा आणि गिअर बदलताना ती क्षणभर तोडणारा हा भाग बजाजच्या चेतक स्कूटरमध्ये पोलादी तारेने, म्हणजे क्लचवायरने, ओढला जाई. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्येही वायरच होती. वायरीचा दोष लपत नाही: ती तुटते, विसविशीत होते किंवा नळीत अडकते, आणि डिकीत जादा वायर बाळगणारा पुणेकर रस्त्याच्या कडेला स्वतःच ती बदलून मार्गस्थ होई.

द्रवदाबाची कल्पना त्याहून कितीतरी जुनी होती. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा सतराव्या शतकातील सिद्धान्त अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी मोटारीच्या ब्रेकसाठी वापरला, 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांवर आला आणि कालांतराने क्लचलाही लागू झाला. पिंपरीच्या टेल्कोने 1994 मध्ये बाजारात आणलेल्या सुमोसारख्या गाड्यांमुळे पुण्याच्या गॅरेजांत हायड्रॉलिक क्लच हे रोजचे काम झाले. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल पुढे ढकलतो, ते तेल बारीक नळीतून खालच्या, म्हणजे स्लेव्ह, सिलिंडरच्या दट्ट्याला रेटते आणि तो दट्ट्या फोर्क व रिलीज बेअरिंगमार्फत क्लचप्लेट मोकळी करतो. दोन्ही दट्ट्यांवर रबरी वायसर असतात आणि सारा डोलारा या वायसरांच्या ओठांवर उभा असतो.

गळतीचे निदान करताना अनुभवी मिस्त्री आधी पेडलाला विचारतो. एका दाबात रिव्हर्स गिअर करकरतो, पण दोनतीनदा पंपिंग केल्यावर गुपचूप पडतो, याचा अर्थ तेल कमी झाले आहे किंवा नळीत हवा शिरली आहे, कारण हवा दाबली जाते आणि तेल जवळजवळ दाबले जात नाही. सिग्नलला पेडल दाबून धरले असता ते सावकाश खाली बसत जाते, गाडी पुढे सरकू पाहते, परंतु क्लचच्या तेलटाकीतील पातळी मात्र हलत नाही, अशा वेळी दोष बहुधा मास्टरच्या आतल्या वायसरात असतो. तो बाहेर टिपूसही न सोडता तेल मागच्या मागे परत जाऊ देतो. पातळी खरोखर घटत असेल तर दोन जागा पाहाव्या लागतात. मास्टर गळत असेल तर तेल पुशरॉडवरून चालकाच्या पायाशी उतरते आणि तेथील रंगाचे पोपडे निघतात; स्लेव्ह गळत असेल तर त्याची रबरी टोपी उचलताच ओल हाताला लागते. गाडीखालचा थेंब इंजिन ऑइलचा की ब्रेक ऑइलचा, ही शंका पाण्याने फिटते, कारण क्लचमध्ये सामान्यतः वापरले जाणारे ग्लायकॉलयुक्त तेल पाण्यात विरघळते, तर इंजिन ऑइलचा तवंग वर तरंगतो.

पाण्यात विरघळण्याच्या याच गुणामुळे ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा 155 अंश आहे. पाण्याने ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात आणि त्यांवर घासून वायसर फाटतात. म्हणून जुन्या रीतीत सिलिंडर उघडून होन मारत, म्हणजे आतली भिंत घासून गुळगुळीत करत, खड्डे खोल असल्यास लेथवर स्लीव्ह बसवत आणि रबर किट टाकत. मग एक जण पेडल दाबून धरी, दुसरा खाली निपल सैल करी व पेडल सोडण्याआधी पुन्हा आवळी. पारदर्शक नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढण्याचे हे काम चाले. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर सारे वायसर फुगत, आणि मग किटावर भागत नसे. याइतकी महागडी चूक या धंद्यात दुसरी नाही.

पुढे मोटारीच अशा आल्या की ही कारागिरी निरुपयोगी ठरावी. अनेक नव्या रचनांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती कड्यासारखा बसवला जातो. त्याची गळती क्लचभोवतीच्या आवरणाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, खालच्या छिद्रातून ठिबकते, तेल क्लचप्लेटवर उडाले तर प्लेट घसरते, आणि तीनचारशे ग्रॅमच्या भागासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी इतकी पडते की प्लेट, प्रेशर प्लेट आणि सिलिंडर एकदमच बदलणे शहाणपणाचे ठरते. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची तेलटाकी सामायिक असते. क्लचचे तोंड मुद्दाम वर ठेवल्यामुळे क्लच गळून रिता झाला तरी ब्रेकपुरते तेल शिल्लक राहते, पण उतरलेली पातळी पाहून नुसते तेल ओतत राहणे हे निदान नव्हे.

जुन्या सुमोच्या क्लच सिलिंडरचे रबर किट सुट्या भागांच्या बाजारात अजून मिळते. गिअरबॉक्सच्या आतील सिलिंडर मात्र सहसा अखंड एककच विकत घ्यावा लागतो.