भाताची साखर पळवणारा जिवाणू : कडा करपा नेमका होतो कसा?

पावसाळ्यात कोकणात किंवा पूर्व विदर्भात भाताच्या खाचरांजवळून गेलात, तर काही पानांच्या कडा टोकापासून खाली नागमोडी पिवळ्या पडत वाळलेल्या दिसतील. हा कडा करपा. तो होतो झॅन्थोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे. वाण रोगाला बळी पडणारं असेल आणि हवा जिवाणूला मानवणारी असेल, तर ७० टक्क्यांपर्यंत पीक जाऊ शकतं. जपानमधल्या शेतकऱ्यांनी १८८४ च्या सुमारास तो पहिल्यांदा पाहिला, महाराष्ट्रात त्याची नोंद १९५१ ची आहे.

पण झाडांना रोगप्रतिकारशक्ती असते ना? असते. फक्त आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी अंगभर फिरून पहारा देत नाहीत. झाडाच्या प्रत्येक पेशीला स्वतःची राखण स्वतःच करावी लागते.

आत शिरतो कुठून?

पहाटे भाताच्या पानांवर दिसणारे सगळेच थेंब दवाचे नसतात. पानाच्या टोकाला आणि कडांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून झाड जास्तीचं पाणी बाहेर टाकतं. जिवाणू याच छिद्रांतून उलटा आत जातो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये वाढतो. म्हणून तर करपा कडेपासून सुरू होतो. वादळी वाऱ्यात फाटलेली पानं आणि लावणीआधी रोपांचे शेंडे खुडण्याची काही भागांतली पद्धत, यांमुळे त्याला आयतंच दार मिळतं.

पेशीची पहिली तटबंदी

पेशीच्या पृष्ठभागावर संवेदक प्रथिनं असतात. जिवाणूची शेपटी ज्या प्रथिनाची बनते, त्याचा तुकडा जरी सापडला तरी ती इशारा देतात. मग पेशी आपली भिंत जाड करते, जिवाणूला घातक रसायनं सोडते, बचावाची जनुकं सुरू करते. बहुतेक जिवाणूंचा खेळ इथेच संपतो.

झॅन्थोमोनासकडे मात्र सुई आहे. खरोखरच इंजेक्शनसारखी सूक्ष्म नळी, जिच्यातून तो आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत सोडतो. यातली काही प्रथिनं इशाऱ्याची साखळी मध्येच तोडतात, त्यामुळे धोका कळूनही बचाव थंडावतो.

याहून धूर्त आहेत ‘टाल’ प्रथिनं. ती पेशीच्या केंद्रकात शिरतात, डीएनएवरचा ठरावीक मजकूर शोधतात आणि तिथलं जनुक चालू करतात. कोणतं? ‘स्वीट’ नावाचं, साखर पेशीबाहेर नेणारं दार बनवणारं. जिवाणू काही फोडत नाही की तोडत नाही. झाड स्वतःच्या हातानं साखर बाहेर ओततं आणि चोर बाहेर बसून जेवतो!

(टाल प्रथिनं डीएनए कशी वाचतात, हे कोडं २००९ मध्ये सुटलं. त्यावरून बनलेल्या जनुक-कात्रीनं बदललेल्या पेशी २०१५ मध्ये लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या एका बाळाला दिल्या गेल्या. भाताच्या रोगातून एवढं निघालं, हे मला अजूनही नवल वाटतं.)

भाताचे डाव

हे दार कायमचं बंद करून टाकता येत नाही, कारण परागकण नीट तयार व्हायला तेच जनुक लागतं. पण काही वाणांमध्ये निसर्गानंच एक तोडगा काढला आहे. जनुक शाबूत, फक्त त्याच्या बटणाजवळचा मजकूर बदललेला. टालला ती जागा सापडतच नाही. या रूपाला एक्सए-१३ म्हणतात.

एक्सए-२७ तर सरळ सापळा आहे. टाल प्रथिन नेहमीप्रमाणे बटण दाबतं, पण चालू होतं ते वेगळंच जनुक. ती पेशी मरते आणि तिच्यासोबत जिवाणूची वाढही तिथेच अडते.

एक्सए-२१ मूळचं आफ्रिकेतल्या माली देशातल्या जंगली भाताचं. हे १९९५ मध्ये वेगळं काढलेलं संवेदक जनुक. ते जिवाणूच्या नेमक्या कोणत्या रेणूला ओळखतं, हे कळायला २०१५ उजाडलं.

भारतीय शास्त्रज्ञांनी ही जनुकं साध्या संकरातून आणि प्रत्येक पिढीत डीएनए तपासून वाणांमध्ये आणली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या सुधारित पुसा बासमती-१ मध्ये एक्सए-१३ आणि एक्सए-२१ आहेत, तर हैदराबादमध्ये तयार झालेल्या सुधारित सांबा मसुरीत त्यांच्या जोडीला एक्सए-५ आहे. एकावर भिस्त ठेवून चालत नाही, कारण जिवाणूही बदलतो. एक्सए-१ हे जनुक टाल प्रथिनांनाच ओळखून बचाव सुरू करतं. त्यावर आशियातल्या अनेक जिवाणूंकडे तोकडी, नकली टाल प्रथिनं आहेत. ती साखरेचं दार उघडत नाहीत, त्यांचं काम एवढंच की एक्सए-१ ला गप्प बसवायचं.

शेतात शंका आली, तर एक सोपी चाचणी आहे. करपलेल्या पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरताना दिसली, तर ते जिवाणूच आहेत. अशा वेळी युरियाचा पुढचा हप्ता थांबवावा आणि त्या खाचरातलं पाणी दुसऱ्या खाचरात सोडू नये.