पोटगीचा आकडा आणि जुना कागद

प्रयोगशाळेत मोजमाप लिहिताना तुम्ही तारीखही लिहिता, कारण तारखेविना आकडा अर्धवट असतो. न्यायालयातही तसेच आहे. घटस्फोटाच्या दाव्यात कमाईचा कागद एका वर्षाचा आणि निकाल भलत्याच वर्षाचा असेल, तर न्याय कोणत्या आकड्यावर करायचा? या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

पार्श्वभूमी

लग्न मोडल्यावर पती-पत्नीची सगळी संपत्ती वाटून देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. इतरत्र वाद मुख्यतः पोटगीचा असतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ खाली पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती. ती २००१ मध्ये उठली आणि खऱ्या उत्पन्नाच्या पुराव्याचे वजन वाढले. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये अशी मर्यादा नव्हती. त्याचे कलम २५ दोघांचे उत्पन्न व मालमत्ता पाहायला सांगते.

दोन वाटा

नवा पुरावा येण्याच्या दोन वाटा नीट वेगळ्या ठेवा. निकालानंतर परिस्थिती बदलली, म्हणजे नोकरी गेली किंवा पगार वाढला, तर कलम २५(२) खाली आदेश बदलून मागता येतो. पुरावा आधीच होता, पण योग्य ती काळजी घेऊनही मिळाला नव्हता, तर अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम २७ लागू होतो. ही दुसरी वाट मुद्दाम अरुंद ठेवली आहे. नाहीतर हरलेला पक्ष रोज नवा कागद आणील आणि दावा कधीच संपणार नाही.

नागपूरचे प्रकरण

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये एका पत्नीला महिना १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली. पतीची सर्वोच्च न्यायालयात तक्रार अशी, की २०१३ ची पोटगी ठरवताना २००६ ची आयकर विवरणपत्रे धरली. न्यायालयाने त्याच्याकडून २००५-०६ पासून आजवरची विवरणपत्रे मागवली. अखेर पोटगी कायम राहिली.

४ नोव्हेंबर २०२० च्या या निकालात न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घातले. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. समोरच्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत दाखल करायचे. आर्थिक स्थितीत मोठा बदल झाला, तर सुधारित किंवा पुरवणी प्रतिज्ञापत्र देता येते. खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते. म्हणजे ताजा आकडा आता सुरुवातीलाच मागितला जातो, अपिलाची वाट पाहावी लागत नाही.

नियम झाला म्हणून तो लगेच पाळला गेला असे नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खालच्या न्यायालयांना त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. घर चालवणाऱ्या बाईला आणि तिच्या मुलांना दर महिन्याला पैसे लागतात. उशीर झाला तर झळ त्यांना बसते.

विचार करा

१. निकालानंतर महिनाभराने पतीला बढती मिळाली. पत्नीने कोणती वाट धरावी?
२. पतीचे लपवलेले बँक खाते पत्नीला अपिलाच्या वेळी सापडले. आता कोणती? उत्तरामागचे कारणही लिहा.