काठीचं नाक

माझी उंची पाच फूट तीन इंच. नवी पॅन्ट आणली की आधी शिंप्याकडे, ही जन्माची सवय. गोल्फचा सेट मात्र दुकानातून जसाच्या तसा उचलला. तीन वर्षं चाळीस यार्डांवरून मारलेला चेंडू झेंड्याच्या डावीकडे जायचा आणि मी मनगटांना दोष द्यायचो. शेवटी एक म्हातारा कॅडीच म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या काठीचं नाक वर राहतंय.’’

नाक म्हणजे टो, काठीच्या डोक्याचं बाहेरचं टोक. माणूस बुटका आणि काठी उभट असली की टो उचलला जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. लॉफ्ट, म्हणजे काठीच्या तोंडाचा कल, जितका जास्त तितकी चूक मोठी. म्हणून कमी लॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये झाकलं जातं ते जास्त लॉफ्टच्या वेजमध्ये उघडं पडतं.

काठी माणसाच्या मापाची हवी, हे मूळ कारागिरांना नवं वाटलं नसतं. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाने 1502 मध्ये पर्थच्या धनुष्यकाराकडून काठ्या घेतल्या; सहाव्या जेम्सने 1603 मध्ये विल्यम मेन या धनुष्यकारालाच राजघराण्याचा काठीकार नेमलं. धनुष्य करणारा गिऱ्हाइकाच्या हाताचा आवाका बघणारच! पुढे कारखाने आले. 1929 मध्ये स्कॉटलंडच्या आर अँड ए या गोल्फ संस्थेने पोलादी दांड्याला मान्यता दिली आणि एकसारखे, आकडे घातलेले सेट सर्रास झाले. माप मागे पडलं.

तरी हट्टी माणसं होतीच. गोल्फपटू जीन साराझेन माझ्यासारखाच बुटका, जेमतेम साडेपाच फुटांचा. वाळूतून चेंडू निघेना, म्हणून त्याने निब्लिक या जास्त लॉफ्टच्या काठीच्या तळाला शिसं डकवलं, कानशीने घासलं, पुन्हा डकवलं. मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आली. काठी वाळूत रुतण्याऐवजी घसरू लागली. 1932 ची ब्रिटिश ओपन त्याने तीच काठी घेऊन जिंकली.

माप सर्वांसाठी परत आणलं ते कार्स्टन सोल्हाइमने. जन्म नॉर्वेचा, नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, आणि गोल्फ हातात घेतला चाळिशीनंतर. त्याच्या पिंग कंपनीने 1972 मध्ये रंगीत ठिपक्यांची पद्धत काढली: उंची मोजा, मनगट जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, ठिपका ठरवा. काळा प्रमाण, लाल सपाट, निळा उभट. मला यात इंजिनिअरपेक्षा शिंपीच जास्त दिसतो.

माझा वेज दोन अंश सपाट करून घेतला. तुम्ही शिकवणीचे पैसे भरण्याआधी एवढं करा: चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढा, ती काठीकडे ठेवून मारा, आणि काठीच्या तोंडावर उमटलेली रेघ तिरकी आहे का ते बघा. तिरकी असली तर काठी तुमच्या मापाची नाही.