दाताच्या आतले गळू

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. ही कीड दिसते कशी, असे वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारले तर? हा प्रश्न फार जुना आहे. दात अळी पोखरते, असे प्राचीन बॅबिलोनियात मानत असत. सुश्रुतसंहितेतही ‘कृमिदंत’ हा रोग सांगितला आहे.

पॅरिसचे दंतवैद्य प्येर फोशार यांनी ही अळी सूक्ष्मदर्शकातून शोधली. ती सापडली नाही. १७२८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तसे लिहिले. दाताच्या आत पू झाला असेल तर दाताला भोक पाडून त्याला वाट करून द्यावी, असेही त्यांनी सांगितले. यामागचे कारण सोपे आहे. हातावरचे गळू कातडी ताणून फुगते. दाताचा मऊ गाभा मात्र कठीण भिंतींत कोंडलेला असतो. सूज आली की दाब वाढतो आणि दात ठणकू लागतो. पुढे गाभा मरतो आणि मुळाच्या टोकातून संसर्ग जबड्याच्या हाडात उतरतो.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांना १८९४ मध्ये रोगट गाभ्यात जीवाणू दिसले. पण जीवाणू हे रोगाचे कारण, की रोगानंतर आलेले पाहुणे? याचा निर्णय लागायच्या आतच भीती पसरली. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियल येथील भाषणात, सोन्याच्या टोपणांखाली दडलेला पू साऱ्या शरीराला रोगी करतो, असा आरोप केला. त्यानंतरच्या काही दशकांत संधिवातापासून अनेक दुखण्यांसाठी लोकांचे दात सरसकट उपटले गेले. त्यांत वाचवता येण्याजोगे दातही पुष्कळ होते.

निर्णायक प्रयोग झाला १९६५ मध्ये, अमेरिकेत. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या २१ आणि साध्या १५ उंदरांच्या दाढा गाभ्यापर्यंत कोरून उघड्या ठेवल्या. अन्नाचे कण दोन्हीकडे अडकले. साध्या उंदरांत गाभा सडला, गळवे झाली. जंतुविरहित उंदरांत मात्र जखमेवर दंतद्रव्याचा नवा पूल तयार झाला!

आजचे उपचार याच समजुतीवर उभे आहेत. डॉक्टर दात ठोकून पाहतात, त्याला थंड लावून पाहतात आणि क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळी सावली शोधतात. मेलेल्या गाभ्यात रक्त पोचत नाही. म्हणून नुसत्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी ठणका थांबला तरी मूळ रोग जात नाही. मुळाची पोकळी साफ करून बंद करावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो. चेहरा सुजून ताप आला किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर तडक रुग्णालय गाठावे.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : प्रयोगात साधे उंदीर घेतलेच नसते, तर आपण काय सिद्ध करू शकलो असतो?