यंत्राचा दुभाषी

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. ग्रंथ एकदा सिद्ध झाला की वाचकाला ग्रंथकाराची गरज राहत नाही. दुभाष्याचे तसे नसते. तो वाक्यागणिक ऐकतो आणि वाक्यागणिक सांगतो. तो उठून गेला की संभाषण थांबते.

संगणकालाही आज्ञा समजावण्याच्या अशाच दोन रीती आहेत. पहिलीत सगळा मजकूर आधीच यंत्रभाषेत उतरवतात. दुसरीत इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी, यंत्रातच बसतो. तो एक ओळ वाचतो, शब्द आपल्या सूचीत शोधतो, नेमलेले काम करतो आणि पुढील ओळीकडे वळतो. चूक झाली की त्याच ओळीवर अडतो. शिकणाऱ्यावर हा केवढा उपकार!

१९६४ साली डार्टमथ येथे केमेनी व कुर्ट्झ यांनी विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांसाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली. (पुढच्याच वर्षी अमेरिकेत संगणकशास्त्रातील अगदी पहिल्या डॉक्टरेटपैकी एक मिळवणाऱ्या सिस्टर मेरी केनेथ केलर या धर्मभगिनी होत्या, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे.) परंतु ती यंत्रे प्रचंड होती. १९७५ साली घरगुती ‘अल्टेअर’ आला, तेव्हा डेनिस ॲलिसन यांनी ‘टायनी बेसिक’चा आराखडा मांडला आणि हौशी मंडळींनी आपापले दुभाषी लिहून एकमेकांना वाटले. १९७६ साली ली-चेन वाँग यांनी तो दोन किलोबाइटांच्या आत बसवला आणि वर ‘कॉपीलेफ्ट’ असा विनोदी शेरा मारला. पुढे इंटेलने ८०५२ या मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्येच आठ किलोबाइटांचा बेसिक कोरून दिला.

आपल्याकडे १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. सह्याद्रीपलीकडे पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकावे, ही त्यांची दृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते.

कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांतील मुलाचे मात्र काय? घरात ठाकरी, शाळेत मराठी आणि यंत्रापुढे ‘प्रिंट’. तीन उंबरठे ओलांडल्यावर दिवा लागणार! वस्तुतः दुभाष्याच्या सूचीतील शब्द ही केवळ नावे आहेत. ‘प्रिंट’ऐवजी ‘छापा’ लिहिले तरी पुढील काम तेच होते. अडचण जागेची होती. रोमन लिपीतील ‘प्रिंट’ पाच बाइटांत मावतो, तर युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ‘छापा’ बारा बाइट घेतो. वाँग यांच्या काळी ही उधळपट्टी ठरली असती. २०१६ च्या मायक्रोबिटमध्ये दोनशे छप्पन्न किलोबाइट जागा आहे. तेथे बारा बाइटांची कोण फिकीर करतो?

राहिला शब्द निवडण्याचा प्रश्न. तो वाडीवरच्या शिक्षकांनी मुलांना विचारून सोडवावा. छापणे कागदावर होते, पडद्यावर नव्हे. म्हणून आमचे मत ‘दाखव’ला. तोही बाराच बाइटांचा आहे.